राखलं कोणाला?



आपल्या अंकात दरवर्षी कृपेचे अनुभव छापून येतात. माझाही एक आहे, पण सांगताना आजही जीभ अडखळते.

११ नोव्हेंबर २००९, बुधवार. कार्तिक वद्य पक्ष, थंडी नुकती लागलेली. फयान वादळ कोकण किनाऱ्याला घासत वर सरकलं आणि अलिबाग-मुंबईच्या दरम्यान जमिनीवर चढलं. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाशी. मी तेव्हा बँकेत क्लार्क, त्या दिवशी रजेवर. वाऱ्याने कौलं पानांसारखी उडाली. परड्यातला माड आमच्या घरावर यायचा, तो शेजारच्या रिकाम्या गोठ्यावर पडला. रात्री आळीतली चार बिऱ्हाडं आमच्या ओटीवर झोपली. कोणाचा भात, कोणाचं पिठलं, सगळं एकत्र.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, देवळात गेलो आणि मोठ्याने म्हणालो, "दत्तमहाराजांनी राखलं बघा!"

पायरीवर कोळीवाड्यातली एक म्हातारी बसली होती. तिचा मुलगा होडीवर खलाशी. होडी परतली नव्हती. ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, मग माझा पोरगा त्यांना दिसला नाय काय?"

मला उत्तर सुचलं नाही. मुलगा आला नाही. त्या वादळात कोकणातले कित्येक मच्छीमार असेच समुद्रात राहिले.

मी कॉमर्सचा माणूस. प्रत्येक जमेला कुठेतरी नावे असतं, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. माड चुकला तो माझ्या भक्तीमुळे, असं मी जमेला धरलं, तर तिचा मुलगा गेला तो तिच्या भक्तीच्या नावे पडतो. आणि ती तर दर गुरुवारी अनवाणी यायची. मी बँकेतून वेळेवर सुटलो तरच. म्हणजे माझी नोंदच चुकीची होती.

कोणी म्हणेल, ज्याचं त्याचं प्रारब्ध. असेलही. पण प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुःखाला लावला तर धीर येतो. शेजाऱ्याच्या दुःखाला लावला की आपण दार लावून घेतो.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यांत वाराही आहे आणि समुद्रही. वारा सगळ्यांना स्पर्श करतो, कशाला चिकटत नाही. त्या दिवशीही त्याने कोणाचं घर, कोणाची भक्ती पाहिली नाही. मग आभार मानायचे नाहीत का? मानायचे, पण मनातल्या मनात. आणि लगेच उठायचं. वाचलो ती कृपा खरीच, पण ती बक्षीस नव्हे, ठेव आहे. ठेव मागणाऱ्याला द्यावी लागते.

मी पुढचे दोन आठवडे कामावरून आल्यावर कोळीवाड्यात बसून नुकसानभरपाईचे अर्ज लिहिले. दत्तजयंती तीन आठवड्यांवर होती. मंडळींनी महाप्रसाद आमटी-भातावर आणला आणि उरलेल्या पैशांची कौलं घेतली. थोडी कुरकुर झाली, मग मिटली.

जयंतीला तिन्हीसांजेला ती म्हातारी आली, मागे उभी राहिली. पुजाऱ्यांनी तिला पुढे बोलावून पाळण्याची दोरी हातात दिली. तिने ती बराच वेळ हलवली. कोणी घाई केली नाही.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण "महाराजांनी राखलं" असं म्हणण्याआधी आता मी आजूबाजूला बघतो.

श्री गुरुदेव दत्त.