बॅटरी संपल्यावरही मुक्कामी पोहोचवणारी सायकल

वडनेर, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

ती. ताईस,


पत्र मिळालं. निवृत्तीनंतर पवनारहून पोचमपल्लीपर्यंत सायकलने जायचं ठरवलंस, हे वाचून मन भरून आलं. मार्च १९५१ मध्ये विनोबा शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पायी निघाले, सुमारे तीनशे मैल चालले, आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर जमीन देऊ केली, तिथून भूदान सुरू झालं. हा धडा तू वर्गात इतकी वर्षं शिकवलास. आता ते अंतर स्वतःच्या पायांनी कापावंसं वाटणं, याहून चांगला निवृत्तीचा बेत मला सुचत नाही.

त्यासाठी बॅटरीवर चालणारी मोटरची सायकल घ्यायचं तू म्हणालीस, तेव्हा मोटर लावली तर ती सायकल कसली, असं घरात कुणी म्हणालं म्हणून तू खट्टू झालीस. होऊ नकोस. ब्रेव्हेसारख्या लांब पल्ल्याच्या सायकल प्रकारात मोटर चालत नाही हे खरं आहे. तिथे दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, निव्वळ स्वतःच्या ताकदीवर पुरे करावे लागतात. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत एकट्याने पूर्ण केली, त्या वाटेची शिस्तच वेगळी. पण तू शर्यतीला निघालेली नाहीस. तुझे गुडघे दुखतात, आणि तुला आठ-नऊ दिवस रोज साठेक किलोमीटर जाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायचं आहे. चढावर आणि उलट्या वाऱ्यात गुडघ्यांवरचा भार हलका करणारी मोटर तुझ्यासाठी योग्यच आहे.

फक्त एक गोष्ट मनाशी पक्की कर, बाकीचं सगळं तिच्यातूनच ठरतं. बॅटरी संपल्यावरही जी सायकल तुला मुक्कामी पोहोचवेल, तीच घे. दुकानात सगळे विचारतात, एका चार्जिंगमध्ये किती जाते? तू विचार, चार्जिंग संपल्यावर कशी चालते?

आधी बॅटरीचा हिशेब. डब्यावर किलोमीटरचा जो आकडा असतो तो सपाट रस्त्यावरचा, हलक्या माणसाचा आणि सर्वांत कमी मदतीचा असतो. तो सोडून दे. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार कर. ३६ व्होल्ट आणि १०.४ अँपिअर-अवर म्हणजे सुमारे ३७४ वॉट-अवर. सामान लादून, मनापासून पेडल मारत गेलीस तर किलोमीटरला दहा वॉट-अवर धर, म्हणजे सदतीसेक किलोमीटर. नुसता थ्रॉटल पिळत बसलीस तर याहून पुष्कळ कमी. स्वस्त सायकलींत ५.८ अँपिअर-अवरची बॅटरी असते. ती जेमतेम २०९ वॉट-अवर भरते. बाजारहाटाला ठीक, तुझ्या कामाची नाही. साठ किलोमीटरच्या दिवसात निम्म्याहून थोडी जास्त वाट मोटरची आणि उरलेली तुझी, अशी वाटणी बसेल एवढी बॅटरी घे. उरलेली वाट कुठली ठेवायची हेही आधीच ठरव. सकाळचा गार वेळ आणि सपाट रस्ता पायांचा, दुपार आणि चढ मोटरचा.

वेगाचा मोह धरू नकोस. आपल्याकडे दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची नि तुरीची सपाट शेतं आहेत, वारा अडायला काही नाही. ताशी २० वरून २५ वर गेलीस की हवा कापायला लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. अठराच्या आसपास चालवलीस तर तीच बॅटरी पुष्कळ लांब नेते.

चार्जरकडे दुकानात कुणी बघत नाही, तू बघ. बहुतेक सायकलींसोबत दोन अँपिअरचा चार्जर येतो. तो तासाभरात साधारण ८४ वॉट-अवर भरतो, म्हणजे आठेक किलोमीटर. जेवणाला धाब्यावर दोन तास थांबलीस तर सोळा-सतरा किलोमीटरची भर पडते. तेवढी पुरते, पण त्यासाठी बॅटरी सायकलीवरून काढून आत नेता आली पाहिजे. चौकटीत कायमची बसवलेली बॅटरी घेऊ नकोस. उन्हातून आल्या आल्या तापलेली बॅटरी चार्जिंगला लावू नकोस, सावलीत गार होऊ दे. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करणं तिच्या जिवावर उठतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात हवाच तिथवर जाते. म्हणून निघायचं ते दिवाळीनंतर, थंडीत.

आता मोटर. पेडलच्या आसापाशी बसणारी मोटर चढाला सर्वांत चांगली, पण तिचा सगळा जोर साखळीवरून आणि गिअरवरून जातो, ते लवकर झिजतात, आणि ती बिघडली तर आडगावात कुणी हात लावणार नाही. तुला मागच्या चाकातली मोटर बरी. त्यातही आत दातेरी चक्रं असलेली घे. ती बंद असताना चाक मोकळं फिरतं. दातेरी चक्रं नसलेली मोटर बंद असली तरी चाकाला मागे ओढते, आणि बॅटरी संपलेल्या दिवशी हाच फरक तुला रडवेल किंवा तारेल.

सेन्सर दोन प्रकारचे असतात. एक फक्त पेडल फिरतंय का एवढंच बघतो आणि ठरलेला जोर देतो. दुसरा तू किती जोर लावतेस ते मोजतो आणि त्या प्रमाणात मदत करतो. त्याला टॉर्क सेन्सर म्हणतात. हा थोडा महाग पडतो, पण गुडघ्याला झटका बसत नाही आणि बॅटरीही पुरते. पैसे वाढवायचे तर इथे वाढव. स्क्रीन, मोबाइल ॲप, रंगीत दिवे यांवर एक रुपयाही घालवू नकोस.

गिअर हवेतच, निदान सात. बॅटरीवाली सायकल वीस-बावीस किलोची असते, वर तुझं सामान. बिनगिअरची असेल तर बॅटरी संपल्यावर साधा पूलही चढवत नाही. तुझ्या वाटेत आदिलाबादच्या पुढे निर्मळचा डोंगर आहे, त्या दिवसासाठी बॅटरी राखून ठेव.

कायद्याचंही सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, ताशी २५ किलोमीटरला मदत थांबणारी, आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोच्या आत असेल, तर पेडलची सायकल मोटार वाहन ठरत नाही. नोंदणी नाही, लायसन्स नाही. कुणी म्हणेल, वेगाचं कुलूप काढून देतो. काढू देऊ नकोस. कुलूप काढलं की ती नोंदणी नसलेली गाडी होते, आणि अपघात झाला तर सगळी जबाबदारी तुझ्यावर येते.

आणखी काट्यांची गोष्ट. आपल्याकडे बाभळीचा काटा आणि सराटा टायरला सोडत नाहीत. जाड टायर घे, आणि ट्यूबचं माप बघ. २६ इंची ट्यूब तालुक्याच्या बाजारात मिळते, २७.५ किंवा २९ ची मिळेलच असं नाही, ती जवळ बाळग. मागच्या चाकात मोटर असली की चाक काढण्याआधी तिची वायर सोडवावी लागते आणि आसाचे नट मोठे असतात. त्या मापाचा पाना घे, आणि दुकानातच विक्रेत्यासमोर चाक एकदा काढून पुन्हा बसव. तुला ते करू द्यायला दुकानदार नाखूश दिसला तर त्याच्याकडून घेऊ नकोस. पुढे अडचणीतही तो उभा राहणार नाही.

 रस्त्याचं म्हणशील तर तुझी वाट चव्वेचाळीस नंबरच्या राष्ट्रीय महामार्गाची. हिंगणघाट, वडनेर, पोहणा गावाजवळ वर्धा नदी ओलांडून वडकी, पांढरकवडा, मग पैनगंगेपलीकडे आदिलाबाद. ट्रकांची रहदारी अखंड आहे, म्हणून उजाडताच निघायचं, डाव्या कडेने चालायचं, आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेव. ब्रेक दोन्ही चाकांना डिस्कचे हवेत, पण तारेचे. त्यांची दुरुस्ती कुठलाही सायकलवाला करतो. ब्रेक दाबताच मोटर बंद होते का, तेही दुकानात तपास.

आता माझं एवढं ऐक. घेण्याआधी ती सायकल दोन दिवस मागून घे, लागलं तर भाडं देऊन. पहाटे पवनारहून निघ, सेवाग्रामवरून हिंगणघाटला ये, चहा घे, आणि तिथे मोटर बंद कर. हिंगणघाट ते वडनेर वीसेक किलोमीटर सामानासकट फक्त पायांनी ये. दमशील, त्याला हरकत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे विनातक्रार जिना उतरले तर ती सायकल तुझी. नाही उतरले तर दुसरी बघू, घाई कसली? दुकानदाराला आगाऊ रक्कम त्यानंतरच दे.

मुक्काम अर्थातच माझ्याकडे.

तुझा धाकटा भाऊ