धुराचे इंधन

नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्रात 660 मेगावॉटचे तीन संच कोळशावर चालतात. मागे उरलेली राखड सिमेंटला, विटांना लागते. चिमणीतल्या कार्बन डायऑक्साइडला गिऱ्हाईक नाही. एक किलो कार्बन जळाला की हा वायू 3.67 किलो तयार होतो. नागपुरातल्याच ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेत कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज या जस्तधारी एंझाइमवर काम झाले आहे. त्याने वायूचे बायकार्बोनेट आणि पुढे कॅल्शियम कार्बोनेट होते. पण त्यात इलेक्ट्रॉनची भर पडत नाही, म्हणून इंधनही होत नाही.

इंधनासाठी क्षपण, म्हणजे इलेक्ट्रॉनची भर हवी, आणि कार्बन डायऑक्साइडचा रेणू त्याला सहजी तयार नसतो. एकच इलेक्ट्रॉन लादला तर सरळ रेषेतल्या रेणूला वाकावे लागते. त्यासाठी सुमारे उणे 1.9 व्होल्ट लागतात. दोन इलेक्ट्रॉन व दोन प्रोटॉन जोडीने पोचवले, तर कार्बन मोनॉक्साइडसाठी उणे 0.53 व्होल्ट तत्त्वतः पुरतात. ही जोडी जमवणे हे उत्प्रेरकाचे, म्हणजे धातूच्या जटिल संयुगाचे काम. फ्रान्समध्ये 1984 साली रेनियम आणि निकेलच्या संयुगांनी ते करून दाखवले. रेनियम अत्यंत दुर्मीळ, म्हणून लक्ष लोखंडाकडे वळले. रक्तातल्या हीमसारख्याच पॉर्फिरिन कड्यात बसलेल्या लोखंडाभोवती पॅरिसच्या संशोधकांनी 2012 मध्ये फिनॉलचे आठ हायड्रॉक्सिल गट आणून ठेवले. धातू तोच, पण प्रोटॉन हाताशी आले आणि वेग कितीतरी वाढला. या साऱ्या विद्येचे मर्म धातूपेक्षा त्याच्या शेजारात आहे.

मेथॅनॉल या इंधनासाठी तर सहा इलेक्ट्रॉन लागतात. निळ्या रंगद्रव्याच्या कुळातले कोबाल्ट थॅलोसायनिन कार्बनच्या नॅनोनळ्यांवर पसरून 2019 मध्ये तेही साधले. मात्र काही तासांत कड्याचेच क्षपण होऊ लागले. कड्याला अमिनो गट जोडल्यावर ते अधिक टिकले.

चिमणीपाशी गणित आणखी अवघड होते. कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड जेमतेम 12 ते 15 टक्के. उरलेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आधी पळवतो. म्हणजे वायू आधी वेगळा काढणे आले. शिवाय उत्प्रेरक फक्त वाट सोपी करतो, घाटात बोगदा पाडावा तशी. पलीकडचे गाव उंचावर असेल तर तेवढे चढावेच लागते. कोळसा जाळून मिळालेली ऊर्जा, घटीसकट, परत भरावी लागते. ती कोराडीच्याच विजेने भरली तर धूर वाढेल. वीज उन्हाची हवी, आणि ऊन दिवसाच असते. धूर मात्र रात्रीही निघतो. तेव्हा रात्रीचा वायू टाकीत साठवावा लागेल आणि उत्प्रेरकाला रोजची चालू-बंद सोसावी लागेल.