कागदावरचं पाऊल

कुंभकोणमहून मायिलाडुतुरैकडे निघालेल्या गाडीला वाटेत आडुतुरै लागतं. चहूकडे भातशेती, कालवे आणि देवळं. त्या गावात एक म्हातारा आणि त्याची बायको राहत होती. म्हाताऱ्याला सगळे अप्पा म्हणत, बायकोला अक्का. व्यंकोजीराजे भोसल्यांच्या मागोमाग तंजावर मुलखात आलेल्या घराण्यांपैकी त्यांचं एक. तीनशे वर्षं उलटली तरी घरात मराठी टिकून होती. बाजारात तमिळ, चुलीपाशी मराठी.

अप्पांचं आयुष्य भातात गेलं. आडुतुरैला १९२२ साली सुरू झालेलं भात संशोधन केंद्र आहे. ए.डी.टी. ३६, ए.डी.टी. ४३ हे वाण तिथलेच. त्या केंद्राच्या शेतावर अप्पा मजूर म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. चिखलणीच्या दिवसांत ते अनवाणी वाफ्यात उतरत, चार पावलं चालत आणि सांगत, "अजून एक पाळी द्या," किंवा, "आता लावा रोपं." शिकलेसवरलेले साहेबही त्यांच्या शब्दावर थांबत. चिखलाबद्दल जे कळायचं ते अप्पांना तळपायातून कळायचं.

साठी ओलांडली तशी साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. कधी घेतल्या, कधी राहून गेल्या. काही वर्षांनी तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. रात्री पायांची आग व्हायची, चादरीचा स्पर्शसुद्धा नकोसा वाटायचा. मग हळूहळू ते सगळं थांबलं.

"बरं वाटतंय आता," अप्पा म्हणाले. अक्कानं देवापुढे दिवा लावला.

अग्निनक्षत्राचे दिवस आले. तमिळ मुलखात उन्हाळ्याचे सगळ्यात कडक दिवस ते हेच. एका रविवारी अप्पा जवळच्या सूर्यनार कोविल या देवळात गेले. चपला बाहेर ठेवल्या आणि भर दुपारी फरशीवरून सावकाश प्रदक्षिणा घातल्या. बाकीची माणसं सावलीचा पट्टा धरून पळत होती. लहान मुलं तर आईच्या कडेवर चढून बसली होती. अप्पा एकटेच उन्हातून शांतपणे चालत होते. बघणाऱ्याला वाटलं, केवढी ही भक्ती!

त्या रात्री अक्का पाणी प्यायला उठली तेव्हा तिला फरशीवर ओले ठसे दिसले. पलंगापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून पलंगापर्यंत. तिला वाटलं, पाणी सांडलंय. तिनं बोट लावून पाहिलं, ते चिकट होतं. दिवा लावून तिनं अप्पांचे पाय पाहिले. दोन्ही तळव्यांवर रुपयाएवढे फोड आले होते, त्यातले काही फुटले होते. अप्पा गाढ झोपले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अप्पांना डोळे मिटायला सांगितलं. नायलॉनचा एक बारीक तंतू घेतला आणि तो वाकेपर्यंत तळव्याला जागोजागी टेकवला. "लागलं की सांगा," ते म्हणाले. अप्पा वाट पाहत राहिले. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "केव्हा सुरू करताय?"

डॉक्टरांचं तपासून झालं होतं.

"साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की नसा खराब होतात," डॉक्टर म्हणाले. "पायाच्या बोटांकडे जाणाऱ्या नसा सगळ्यात लांब, म्हणून सुरुवात तिथून होते. तुमच्या मुंग्या बऱ्या झाल्या नाहीत अप्पा, त्या कळवणारी नसच गप्प झाली. आता घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. पायाला नीट बसेल असं काहीतरी घाला."

फोड भरून यायला बरेच आठवडे लागले. मग मुलगा अप्पांना कुंभकोणमच्या बाजारात घेऊन गेला. दुकानदारानं एकामागून एक जोड काढले. अप्पा प्रत्येक जोड घालून दोन पावलं चालत आणि मान हलवत. "सैल आहे. घातलाय असं वाटतच नाही." शेवटी एका बुटात पाय घालताच त्यांचा चेहरा खुलला. "हा! हा पाय धरून ठेवतो. एकदम आरामशीर." मुलानं पैसे दिले.

आठ दिवसांत करंगळीच्या कडेला लाल चट्टा उठला आणि त्याची जखम झाली. तो जोड बाजूला पडला. मग भारीतला, मऊ, स्पंजासारखा जोड आला. त्यात पाय पुढे-मागे घसरायचा, म्हणून अप्पांनी पट्टे करकचून आवळले. पट्ट्याखाली कातडी सोलवटली. मग आणखी एक जोड आला. प्रत्येक वेळी दुकानात अप्पा मनापासून सांगत, "छान आहे, कुठे लागत नाही." प्रत्येक वेळी घरी आल्यावर अक्काला मोज्यावर डाग दिसे.

कुंभकोणमजवळ साक्कोट्टैला कुष्ठरोग्यांसाठीचं जुनं ख्रिस्ती रुग्णालय आहे. त्या बाजूला एक म्हातारा मोची राहतो आणि बधिर पायांसाठी चपला करतो, असं अक्काच्या कानावर आलं. तिनं अप्पांना सांगितलं.

अप्पा एकदम उखडले. "महारोग्यांची चप्पल मी घालू? उद्या गावात काय म्हणतील? मला साखर आहे, तो रोग नाही."

अक्कानं वाद घातला नाही. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "अहो, सूर्यनार कोविलची गोष्ट तुम्हीच नातवंडांना सांगता. एका ऋषीचं कुष्ठ नवग्रहांनी टाळलं आणि त्यापायी ब्रह्मदेवाचा शाप होऊन ते त्यांच्याच अंगावर आलं. रुईच्या रानात येऊन त्यांनी तप केलं, तेव्हा कुठे सुटका झाली. त्या ग्रहांपुढे तुम्ही हात जोडता. मग त्या चपलेचं काय वावडं?"

अप्पा काही बोलले नाहीत. पण सोमवारी ते बसमध्ये चढले, आणि निघताना बाजारातला तो बूटही पिशवीत टाकायला विसरले नाहीत. जुना बूट घेऊन या, असा मोच्याचा निरोप होता.

मोच्याच्या हाताची दोन बोटं वाकलेली होती. त्याला तो रोग तरुणपणी झाला होता आणि औषधानं पूर्ण बराही झाला होता. बोटं तेवढी सरळ झाली नव्हती. त्याच वाकड्या बोटांत रापी धरून तो रबर कापत होता. त्यानं अप्पांना बसायला स्टूल दिलं नाही, उभंच राहायला सांगितलं.

"ऐया, बसल्यावर पाऊल लहान असतं. अंगाचा भार पडला की पसरतं. आणि तुम्ही संध्याकाळी आलात ते बरं केलंत, दिवसभरात पाय सुजतात."

जमिनीवर त्यानं एक जाड कागद अंथरला. अप्पा त्यावर उभे राहिले. मोच्यानं पेन्सिल अगदी उभी धरली आणि टाचेपासून बोटांवरून पुन्हा टाचेपर्यंत रेघ ओढली. मग पिशवीतला बूट काढला आणि त्या रेघेवर ठेवला.

अप्पा खाली वाकून बघत राहिले. बुटाच्या दोन्ही बाजूंनी रेघ बाहेर आली होती. करंगळीपाशी तर बोटभर पाऊल बुटाबाहेर होतं.

"इतके दिवस हे सगळं मी आत कोंबत होतो?" त्यांनी विचारलं.

"बधिर पाय असलेली पुष्कळ माणसं लहानच बूट घेतात, ऐया. मापाचा बूट त्यांना सैल वाटतो. आवळणारा घातला की काहीतरी जाणवतं, आणि ते जाणवणं म्हणजेच आराम असं वाटतं. तुम्ही खोटं बोलत नव्हता. पायाकडून बातमीच तेवढी येत होती."

मोची काम करता करता बोलत राहिला. वेलूरजवळच्या करिगिरीला तो हे काम शिकला होता. कुष्ठरोगावर काम करणारी ती संस्था १९५५ साली उभी राहिली. त्याच्याही आधी, १९४६ साली, पॉल ब्रँड नावाचे शल्यचिकित्सक वेलूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले होते. इंग्रज आईबापांचे, पण जन्मले आपल्याच कोल्ली डोंगरात. "मी त्यांना पाहिलं नाही, मला शिकवणाऱ्यांनी पाहिलं होतं," मोची म्हणाला. "तेव्हा लोक म्हणायचे, हा रोग बोटं खातो. ब्रँड डॉक्टरांनी नीट बघितलं. जखमा होत होत्या त्या दुखणं कळत नव्हतं म्हणून. ज्याला दुखतं तो लंगडतो, थांबतो, पाय वर घेतो. आम्ही जखमेवरच चालत राहायचो. मग पुढे हे रबर आलं."

त्यानं काळ्या रबराचा एक तुकडा अप्पांच्या हातात दिला. "चिमटीत दाबा." अप्पांनी अंगठा आणि बोट यांच्यात तो दाबला. तुकडा निम्मा झाला. बोटं सोडताच तो पुन्हा फुगून पहिल्यासारखा झाला. "जो दाबला जातो आणि परत येतो, तो चांगला. दाबून तसाच राहिला तर रबर मेलं. दर महिन्याला असं दाबून बघायचं."

चार दिवसांनी चपला तयार झाल्या. वर ते मऊ रबर, खाली टायरसारखा टणक तळ, म्हणजे काटा किंवा खिळा आरपार यायला नको. मध्ये कुठेही खिळा मारलेला नव्हता, सगळं चिकटवून शिवलेलं. अंगठ्याची खुंटी नव्हती. पुढे दोन रुंद पट्टे, मागे टाचेला एक पट्टा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडलेली. दिसायला त्या काही देखण्या नव्हत्या.

अप्पांनी त्या घातल्या आणि चार पावलं चालले. "सैल वाटतात," ते म्हणाले.

"वाटू दे," मोची म्हणाला. त्यानं चपला कागदावरच्या रेघेवर ठेवल्या. रेघ सगळीकडून आत होती. "आज अर्धा तास घाला. काढल्यावर पाय बघा. कुठे लाल झालं आणि थोड्या वेळानं गेलं नाही, तर परत आणा, मी तेवढं कोरून देईन. उद्या एक तास. घालण्याआधी दर वेळी आत हात फिरवायचा, खडा असेल तर तो हाताला कळेल. आणि रोज रात्री कुणाला तरी तळवे दाखवायचे."

अप्पांना वाकून स्वतःचे तळवे दिसत नव्हते. म्हणून रोज जेवण झाल्यावर ते खाटेवर पाय पसरून बसत आणि अक्का बॅटरी घेऊन बोटांच्या बेचक्या बघे. सुरुवातीला अप्पांना फार संकोच वाटे. आयुष्यभर ज्या पायांनी दुसऱ्यांना चिखलाची पारख करून दिली, ते पाय आता दुसऱ्याच्या नजरेवर सोपवायचे, हे त्यांना जड गेलं. दुसऱ्या आठवड्यात अक्काला टाचेजवळ एक लाल रेघ दिसली. त्यांनी चपला परत नेल्या, मोच्यानं कड घासून दिली, रेघ पुन्हा आली नाही. त्यानंतर वेळ झाली की अप्पा स्वतःच हाक मारू लागले.

एका रात्री बघून झाल्यावर अप्पांनी बॅटरी अक्काच्या हातातून घेतली. "आता तुझे बघू."

"माझ्या पायांना काय धाड भरलीय?" ती म्हणाली. पण पाय वर घेतले. अप्पांनी उजेड टाकला. चाळीस वर्षं ओल्या फरशीवर, अंगणात, विहिरीवर वावरलेल्या टाचा होत्या त्या. भेगा इतक्या खोल, की एकीच्या तळाशी रक्त सुकलेलं होतं. अक्काला साखर नव्हती. तिच्या पायांना सगळं कळत होतं. तिनं सांगितलं मात्र कधी नव्हतं.

आपल्याला काय सोसतं आणि काय नाही, हे आपलं आपल्याला कळतंच, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा ते खरंही असतं. पण एखाद्याचा पाय बोलत नाही आणि एखादं माणूस बोलत नाही. अशा वेळी "काही त्रास नाही" या उत्तरावर थांबायचं नसतं. कागद अंथरावा लागतो, उजेड धरावा लागतो, आणि ज्याला तपासून घ्यायचं त्यालाही थोडा मान बाजूला ठेवावा लागतो. अप्पांना चपला मोच्यानं करून दिल्या, पण त्यांचे पाय वाचले ते रोजच्या त्या पाच मिनिटांनी, असं मला वाटतं.

पुढच्या वर्षी अग्निनक्षत्रात अप्पा अक्काला घेऊन सूर्यनार कोविलला गेले ते दार उघडताना, फरशी गार असताना, आणि जाड पायमोजे घालून. परत येताना त्यांनी अक्काला घरी जाऊ दिलं नाही. दोघं संध्याकाळपर्यंत कुंभकोणमला एका नातेवाइकाकडे थांबली आणि मग मोच्याकडे गेली. अप्पांच्या चपलेचा मागचा पट्टा सैल झाला होता.

मोच्यानं चपला मागितल्या. अप्पा म्हणाले, "ते मग बघू. आधी हिचं माप घ्या."

"मला कुठे काय झालंय?" अक्का म्हणाली.

"मीही हेच म्हणत होतो," अप्पा म्हणाले. मोच्यानं कोरा कागद अंथरला आणि अक्काला उभं राहायला सांगितलं.