शाल कुणाच्या खांद्यावर?

काही वर्षांपूर्वी इथल्या एका मराठी कार्यक्रमात शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला. माझी कामगिरी काय, तर भारतातून आलेल्या प्रमुख पाहुण्यांना विमानतळावरून आणणे आणि दोन दिवस त्यांच्या दिमतीला राहणे! त्याच दिवशी आमच्या शेजारच्या वहिनी पहाटेपासून दोनशे पानांच्या स्वयंपाकात होत्या. त्यांचे नावही कुणी घेतले नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा मला बरे वाटले, हे कबूल करतो. घरी आल्यावर मात्र ती शाल टोचू लागली.

ही रीत राजेरजवाड्यांपासूनची. राणी व्हिक्टोरियाने १८९६ मध्ये 'रॉयल व्हिक्टोरियन ऑर्डर' सुरू केली. राजघराण्याच्या व्यक्तिगत सेवेबद्दलचा हा सन्मान; तो द्यायला मंत्र्यांची शिफारस लागत नाही. शाही दौऱ्यांत यजमान देशातल्या अधिकाऱ्यांनाही तो मिळत आला आहे. राणी एलिझाबेथ १९७९ आणि २०१० मध्ये आपल्या या अमिरातीत येऊन गेल्या. अशा दौऱ्यामागे रस्ते झाडणारे, उन्हात उभे राहणारे, भांडी घासणारे किती हात असतात! पण पदक सहसा पोचते ते पाहुण्याच्या नजरेच्या टप्प्यात असलेल्यांपर्यंत.

यात पाहुण्याचा दोष नाही. जो दिसला त्याचेच आभार तो मानणार. प्रश्न यजमानाचा आहे. घरात कोण राबले हे त्याला तर ठाऊक असते ना?

इथे मला जोतीराव फुले आठवतात. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात व्हिक्टोरिया राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी मेजवानी होती. दागदागिन्यांनी नटलेल्या त्या मंडळींत जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि खरा हिंदुस्थान खेड्यापाड्यांत आहे, हे त्यांनी पाहुण्यांना सुनावले. जे पाहुण्याला दिसत नव्हते, ते त्यांनी दाखवले. यजमानाचे खरे कर्तव्य हेच नव्हे का? त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत लोकांनी त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली. ती कुठल्या राजाची मर्जी नव्हती.

मी शाल घेऊन वहिनींकडे गेलो. त्या हसून म्हणाल्या, "भाऊजी, शाल राहू द्या. आमटी खारट नव्हती ना झाली, तेवढं सांगा!"

आमटी उत्तम झाली होती. पण ते त्यांना सांगायला मला शाल टोचावी लागली, याची लाज अजून वाटते.