रहस्य घरातच असतं

वर्ध्यात संध्याकाळी एखाद्या शाळेच्या मैदानावर पांढऱ्या गणवेशातली पोरं ओळीनं उभी राहून कराटेचे हात करताना दिसतात. कराटे ओकिनावाचं, म्हणजे आजच्या जपानातलं. पण पोरांच्या लेखी ते ब्रूस लीचं, म्हणून चिनीच. मारामारीपलीकडे चीन त्यांच्यापर्यंत फारसा पोचलेला नाही. तो पोचवायचा तर मला कुमारांसाठीची एक रहस्यकादंबरी हवी आहे, चिनी घरात घडणारी.

रहस्यकथाच का? प्रवासवर्णनात जे आपण वाचून सोडून देतो, तेच रहस्यकथेत धागा ठरतं. जेवताना आजोबांनी माशाचा तुकडा कुणाच्या वाडग्यात घातला आणि कुणाच्या नाही, चिंगमिंगच्या सणाला पूर्वजांच्या कबरी झाडायला कोण आलं नाही, हे सगळं वाचकाला लक्षात ठेवावं लागतं. शिवाय थोरांना उलट विचारायचं नाही, अशी जिथे शिस्त, तिथे पोराला नुसतं बघून ताडावं लागतं. अशी घरं आर्वी-हिंगणघाटलाही आहेत. ‘मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नको’ हे ऐकत वाढलेलं पोर अर्धं डिटेक्टिव्ह झालेलंच असतं.

आपल्या कुमार रहस्यकथेनं मात्र घर टाळलं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात येतो आणि सायकलवर मोकळा सुटतो. अशोक जैनांनी मराठीत आणलेला सत्यजित राय यांचा फेलूदाही बहुतेक गुंते प्रवासात सोडवतो. दोघंही मला फार प्रिय आहेत. पण त्यांचे चोर बाहेरचे. पकडून दिले की सुटलो. घरातल्या माणसानं काही लपवलं असेल तर ते उघड झाल्यावरही त्याच्याच शेजारी जेवायला बसायचं असतं.

1962 च्या युद्धाच्या पार्श्वभूमीवरही भागवतांनी फेणेला नेलं. तेव्हाचा चिनी म्हणजे समोरून चाल करून येणारा सैनिक, हे त्या काळाला धरूनच होतं. पण त्याच युद्धानंतर आसामातल्या माकुमसारख्या गावांतली चिनी वंशाची कुटुंबं, त्यातली कित्येक माणसं इथेच जन्मलेली, उचलून राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत डांबली गेली. (आपली वर्ध्याजवळची देवळी वेगळी.) सुमारे 3000 माणसं होती. रीता चौधुरी यांनी ‘माकाम’ ही असमिया कादंबरी त्यावर लिहिली. कालपर्यंत ओट्यावर खेळणारी पोरं आज आपल्याशी बोलत का नाहीत, हे तिथल्या एखाद्या बारा वर्षांच्या मुलीला पडलेलं कोडं कुठल्याही दरोड्याहून मोठं आहे.

मराठी घराशी जोडलेलं चिनी घरही आपल्याकडे होतंच. 1938 साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीसांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. 1942 च्या डिसेंबरात ते गेले, तेव्हा मुलगा यिनहुआ काही महिन्यांचा होता. व्ही. शांतारामबापूंनी 1946 मध्ये बापावर सिनेमा काढला. न पाहिलेल्या मराठी बापाचा माग काढणारा असा मुलगा कादंबरीचा नायक का होऊ नये?

आणि मारामारी? ती हवीच, पण पुरावा म्हणून. कुंग फूच्या परंपरेत गुरूला बापाचा मान, आधी आलेला शिष्य थोरला भाऊ. आपल्या आखाड्यातल्या वस्ताद आणि गुरुबंधूंसारखंच. पाय कसा रोवला, वार कसा चुकवला, यावरून जाणकाराला तालीम ओळखता येते. आपण कधी काही शिकलोच नाही, असं आयुष्यभर सांगणाऱ्या आजोबांनी ढकलाढकलीत सहज एक पाऊल मागे घेतलं आणि नातवानं ते पाऊल आधी दुसऱ्याच कुणाच्या अंगात पाहिलेलं असलं, की कादंबरी सुरू झाली.

वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात चिनी भाषा शिकवली जाते. तिथे शिकलेल्या एखाद्या विदर्भातल्या पोरीनं हे पुस्तक लिहायला घ्यावं, आणि तिच्या नायकाला घराबाहेर पळू देऊ नये.