वाजलं, तर उठून काय करशील?

जुलैमधला एक दिवस. भिलाईत सकाळपासून धो धो पाऊस. शाळेने साडेदहालाच कळवलं होतं, की रस्त्यांवर पाणी साचतंय, बारालाच सुट्टी देतोय. तरी नेहरू नगरातल्या एका घरचा तिसरीतला मुलगा दीड वाजेपर्यंत फाटकाशी चौकीदाराच्या स्टुलावर बसून होता. डबा संपला, चौकीदाराचे शेंगदाणेही संपले, तेव्हा कुठे आई पोचली.

घरी येऊन तिने फोन पाहिला. निरोप आलेला होता. इतकंच नव्हे, तिने तो उघडलेलाही होता. आठवत मात्र काहीच नव्हतं. त्याच्या आगेमागे कॉलनीच्या ग्रुपवर मोकाट गाईंवरून जुंपलेली, नागपूरच्या नणंदेने हळदीच्या दुधाचा व्हिडिओ टाकलेला, सोन्याचा भाव, आणि कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो, संपता संपत नव्हते असे.

"माझंच डोकं ठिकाणावर नाही," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता सगळे ग्रुप सोडते."

"डोकं ठीक आहे तुझं. बोटाने घात केला," सासरे म्हणाले. त्यांची सगळी नोकरी स्टील प्लांटमध्ये झालेली, शेवटची बरीच वर्षं ब्लास्ट फर्नेसच्या कंट्रोल रूममध्ये.

तिथे अलार्म आला की पॅनलवर दिवा लुकलुकतो आणि हूटर बोंबलतो. हूटर गप्प करायला 'अ‍ॅक्नॉलेज'चं बटण असतं. एखाददुसरा अलार्म असेल तर माणूस दिव्यावरचं नाव वाचतो, मग बटण दाबतो. पण पॅनल दिवाळीसारखं पेटलं, की हात आधी बटणावर जातो आणि वाचायचं राहून जातं. आवाज थांबला म्हणजे काम झालं, असं वाटतं. सुनेचा अंगठा तेच करत होता.

मग बाबांनी वेल्समधल्या मिलफोर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची हकिकत सांगितली. 24 जुलै 1994, रविवार. सकाळच्या वादळात वीज पडल्यापासून तिथे काही ना काही बिघडत गेलं होतं. दुपारी स्फोट झाला, 26 माणसं जखमी झाली. स्फोटाआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत ऑपरेटरांसमोर 275 अलार्म आले. म्हणजे दर दोन-तीन सेकंदांना एक. शिवाय तिथल्या दर दहा अलार्ममधले जवळपास नऊ 'अति महत्त्वाचे' म्हणून लावलेले! चौकशीत इतर कारणांबरोबर या गर्दीवरही बोट ठेवलं गेलं.

"तेव्हापासून अलार्म लावण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो," बाबा म्हणाले. "हा वाजला, तर ऑपरेटरने उठून काय करायचं? उत्तर नसेल तर तो अलार्मच नव्हे. त्याची नोंद राहू दे, पाहिजे तेव्हा बघता येते. हूटर नको."

मोबाइलचा उपास करा म्हणणारे हल्ली पुष्कळ भेटतात. शाळेचा निरोपही त्याच मोबाइलवर येतो, याची त्यांना फिकीर नसते. बाबांनी उपास सांगितला नाही. नातवाच्या जुन्या वहीचं कोरं पान घेतलं आणि एकेका ग्रुपचं नाव वाचायला लावलं. वाजलं, तर उठून काय करशील?

कॉलनीचा ग्रुप? काही नाही. आवाज बंद, संध्याकाळी चहाबरोबर एकदा बघायचा. नणंद? काही नाही. शाळेचा ग्रुप? पळायचं! पण तिसरीच्या आयांचा ग्रुप वेगळा निघाला; तिथे रात्री अकरापर्यंत "आजचा होमवर्क काय?" चालायचं. तो बंद. नवरा, डॉक्टर, माहेरी आईला सोबत म्हणून राहणारी बाई, एवढे चालू राहिले. शाळेला नातवाने हट्टाने भोंग्याचा आवाज लावून घेतला.

पान भरत आलं, तेव्हा सून जरा थांबली.

"बाबा, एक राहिलंय. रोज पहाटे पाचला तुमचं गुलाबाचं फूल येतं."

"त्यात सुविचार असतो."

"हो. पण वाजलं, तर मी उठून काय करू?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. नियम त्यांचाच होता. "कर बंद," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "कंट्रोल रूमच्या जुन्या मंडळींनाही पाठवतो मी ते. त्यांनी तर बंद केलं नसेल ना?"

"ते तुमच्याच हाताखाली शिकलेत ना?" सून म्हणाली. "मग केव्हाच केलं असेल."