उरलेली पिन

कुठलंही यंत्र खोलायला अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती ते पुन्हा जोडायला. आणि जोडून झाल्यावर ताटलीत एखादा तुकडा उरला, तर त्यानंतर जे लागतं त्याला अक्कल म्हणत नाहीत. त्याला काय म्हणतात, हे मला वयाच्या साठाव्या वर्षी देवबागेत, कर्लीच्या खाडीकाठी कळलं.

मेव्हण्याच्या पडवीत, नारळाच्या सोडणांच्या ढिगाखाली, होडीचं एक जुनं इंजिन निघालं. "भावोजी, ह्या भंगारवाल्याक देतंय," तो म्हणाला. मी म्हटलं, "थांब, मी करतो." जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाने 'मी करतो' म्हटलं की घरातल्यांनी सावध व्हावं. आमच्या सौ.ने निमूटपणे एक फाटकी चादर आणून अंगणात अंथरली.

होडीच्या मागे अडकवायचं हे इंजिन घरोघर नेलं ते अमेरिकेतल्या मिलवॉकी गावच्या ओले एव्हिनरूड यांनी, १९०९ च्या सुमारास. गृहस्थाचं नावच ओले, तेव्हा पाण्याशी संबंध यायचाच. सांगतात की वाग्दत्त वधूला आइस्क्रीम हवं झालं म्हणून हे वल्ही मारत तळ्यापलीकडे गेले आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचं सरबत झालं. त्यातून म्हणे इंजिन सुचलं. सौ.ला ही कथा सांगितली. ती म्हणाली, "त्यांनी आधी आइस्क्रीम आणलं होतं, हे लक्षात घ्या."

पंधरा दिवस मी त्या चादरीवर बसून होतो. कार्बोरेटरमधला शेवाळी चिकटा पेट्रोलने धुतला. प्लग बदलला. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरवर आणताना चष्मा तीनदा पेट्रोलमध्ये पडला. खाडीचं पाणी वर ओढून इंजिन थंड ठेवणारी रबराची चक्री वाळून पापडासारखी झाली होती, तिच्या जागी नवी बसवली. पंख्याजवळ एक मऊ धातूची पिन असते. पंखा खडकावर आपटला की ती स्वतः मोडते आणि आतले दाते वाचवते. कचेरीतही अशी माणसं असत, त्यांची बदली आधी होई.

मग पाण्याने भरलेल्या टिपाडात इंजिन उभं केलं. पेट्रोलच्या पंचवीस भागांना ऑइलचा एक भाग, आणि दोरी. सतराव्या ओढीला ते खोकलं, अठराव्याला धडधडलं. अर्धं पाणी अंगणात, उरलेलं माझ्या अंगावर. पोरांनी टाळ्या पिटल्या. मेव्हण्याने जाहीर केलं, "उद्या पोरांका घेऊन संगमार जाऊया!" आणि त्याच क्षणी माझं लक्ष ताटलीकडे गेलं. तिथे केसात घालायच्या आकड्यासारखी, दोन पायांची एक पिन पडली होती.

मी ती खिशात टाकली. इथून तत्त्वज्ञान सुरू झालं.

रात्रभर माझ्यातला वकील बोलत होता. 'इंजिन चालतंय ना? मग? एवढीशी पिन! कंपनीने एखादी जास्तच घातली असेल. आणि सगळ्यांसमोर मिळालेली शाबासकी परत करणार?' आपल्याकडे 'चालतंय ना' हा शेवटचा निकाल असतो, त्यावर अपील नाही. पण क्लिफर्ड नावाच्या एका इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली नेमकं हेच प्रकरण काढलंय. एका जहाजमालकाला आपलं जहाज जुनं झाल्याची शंका येते. दुरुस्तीचा खर्च नको म्हणून तो ती शंका समजूत घालून झोपवतो आणि उतारूंनी भरलेलं जहाज समुद्रात सोडतो. जहाज बुडतं. मालक दोषी, हे कुणीही सांगेल. पण क्लिफर्ड पुढे विचारतो, जहाज सुखरूप पोचलं असतं तर? आणि म्हणतो, तरीही तितकाच दोषी. गुन्हा बुडण्यात नाही. विश्वास ठेवायचा हक्क नसताना तो ठेवण्यात आहे. त्या मालकाने निदान पैसे तरी वाचवले. मी वाचवत होतो ती फक्त अठराव्या ओढीची टाळी. आणि ओहोटीला संगमावरचं पाणी समुद्राकडे कसं ओढतं, हे मी पाहिलेलं होतं.

सकाळी पोरं होडीत चढायच्या आत मी पिन मेव्हण्याच्या हातावर ठेवली. "ही उरलीय. कुठली ते मला ठाऊक नाही." पोरांचे चेहरे पडले. माझा आधीच पडला होता.

वाडीतल्या मेस्त्रींनी ती पाहिली, पंख्याच्या नटाच्या भोकातून ओवली आणि तिचे पाय दोन बाजूंना वाकवले. काम अर्ध्या मिनिटाचं. मी विचारलं, "नसती घातली तर?" म्हणाले, "वर्षभर चाललो असतो. नायतर संगमार नट सुटान पंखो पाण्यात." म्हणजे माझं भय खरं होतं की खोटं, तेही कळायची सोय राहिली नाही. आणि तेच बरं झालं. पंखा पडलाच असता असं ते म्हणाले असते, तर मी स्वतःला शहाणा समजलो असतो.

वाटलं, आता मेव्हणा पोरांना माझ्या इंजिनावर बसवणार नाही. तो म्हणाला, "भावोजी, तुमी सांगितलात म्हणान बसवतंय. गप ऱ्हवला असतात नि मागसून कळला असता, तर परत कधी बसवलंय नसतंय."

वल्ही मात्र त्याने बरोबर घेतलीच.